अकरा गतिरोधक आणि एक रिकामी सीट

गतिरोधक पहिला. चर्चसमोर.

खर्रर्रर्र...

आवाजाने चर्चच्या कठड्यावरची कबुतरं उडाली, पावाच्या दुकानातली गिऱ्हाईकं कॉफीचे पेले हातात घेऊन बाहेर आली, आणि जोसियानीने स्टिअरिंगवर अशी थाप मारली की हॉर्नसुद्धा दचकून वाजला.

"कुणी घातला हा? काल संध्याकाळी इथे सपाट रस्ता होता! एका रात्रीत डोंगर उगवतात का?"

डोंगर म्हणजे स्पीडब्रेकर. ताजा, काळा, डांबराचा वास अजून न गेलेला. आणि त्याच्या माथ्यावर तिची पिवळी स्पोर्ट्स कार बसली होती. पुढची चाकं पलीकडे, मागची अलीकडे, पोट मधोमध टेकलेलं. मोंजोलो गावात या गाडीला तातू म्हणत. तातू हा अंगावर चिलखत वागवणारा, जमिनीलगत पळणारा बुटका प्राणी. जोसियानीला हे नाव आवडायचं. आज नाही.

खिडकीशी एक माणूस वाकला. बराच वाकला, कारण तो उंच होता, रुंद होता आणि गाडी त्याच्या कमरेलाही येत नव्हती. जुलैच्या, म्हणजे इथल्या हिवाळ्यातल्या, भुरभुर पावसाचे थेंब त्याच्या भुवयांवर अडकले होते. गळ्यात नगरपालिकेचं ओळखपत्र, हातात मोजपट्टी.

"सेन्योरा, जरा उतरता का? मोजायचंय."

"सेन्योरा? काकूबाई दिसते का? एकतीस वर्षांची आहे मी! आणि उतरणार नाही. गाडी माझी, चूक तुमची, आणि भिजायचं मी?"

"बरं... बसा मग."

त्याने स्पीडब्रेकर मोजला. "साडेतेरा सेंटिमीटर. नियम दहाचा आहे."

"ऐका!" ती दुकानाकडे बघून ओरडली. "ऐका सगळे! साडेतेरा!"

सगळ्यांनी ऐकलं. मग चौघांनी मिळून गाडी पुढे ढकलली, जोसियानीसकट. सपाट रस्त्यावर आल्यावर तो माणूस चक्क ओल्या डांबरावर आडवा झाला आणि त्याने मोजपट्टी गाडीखाली सरकवली. नगरपालिकेचा माणूस पावसात रस्त्यावर झोपलेला मोंजोलोने कधी पाहिला नव्हता. जोसियानीनेही नाही.

"नऊ पूर्णांक नऊ," खालून आवाज आला.

"काय नऊ पूर्णांक नऊ?"

"तुमची गाडी. जमिनीपासून. नियम इथेही दहाचाच आहे, त्याहून खाली नको."

"म्हणजे... एक मिलिमीटर?"

"एक मिलिमीटर."

"एका मिलिमीटरसाठी तुम्ही मला—"

"आणि साडेतीन सेंटिमीटरसाठी त्याला." त्याने उठून स्पीडब्रेकरकडे बोट दाखवलं. शर्टाची सगळी पाठ भिजली होती. "नोटीस दोघांनाही मिळेल. मी पक्षपात करत नाही."

"नाव सांगा तुमचं. तक्रार कुणाविरुद्ध करायची ते कळू दे."

"ओतोनिएल. रस्ते विभाग. सोमवारीच बदलून आलोय." त्याने खिसे चाचपले. "तक्रारीचा अर्ज माझ्याकडेच मिळतो. हा घ्या. पेन आहे ना?"

तो हसला असता तर बरं झालं असतं, रागवायला सोपं गेलं असतं. पण तो हसला नाही. आणि आणखी एक... गाडी कुणाची, नवऱ्याची की भावाची, हे त्याने विचारलं नाही. ते न विचारणारा तो पहिलाच. हेही तिला त्या क्षणी राग येण्यासारखंच वाटलं.

इथे गतिरोधक नाही. इथे सेउ नेरेउंचं गॅरेज आहे.

वर्षभरापूर्वीची गोष्ट. ती कळल्याशिवाय तो एक मिलिमीटर कळायचा नाही.

गाडी खाली बसवायची तर स्प्रिंगा कापून टाकणारे पुष्कळ असतात. सेउ नेरेउ त्यातले नव्हते. जुने शॉकअॅब्सॉर्बर काढून ते बाहेरून मागवलेले नवे लावत. त्यांच्या नळीवर आटे पाडलेले असत आणि आट्यांवर एक चकती. चकती खाली फिरवली की गाडी खाली, वर फिरवली की वर. पण चकतीला हात लावण्याआधी म्हातारा गोदामातून काळ्या घेवड्याचं पोतं आणायचा, मालकाच्या वजनाइतकं भरायचा आणि चालकाच्या सीटवर पट्टा लावून बसवायचा.

"रिकामी गाडी रस्त्यावर कधी धावते का?" तो म्हणायचा. "गाडीची खरी उंची माणूस बसल्यावरची. बोल पोरी, किती किलो?"

"चोपन्न," जोसियानी म्हणाली होती.

"आणि शेजारच्या सीटवर?"

"काही नाही. ती रिकामीच राहणार."

म्हाताऱ्याने चष्म्यावरून पाहिलं. मोंजोलोत सगळ्यांना सगळं माहीत असतं. जिल्मारशी सात वर्षं टिकलेली तिची सोयरीक कशी मोडली, हेही. सात वर्षांत तिने जिल्मारसाठी केस सरळ केले, शहरातली नोकरी सोडली, त्याच्या आईला आवडत नाही म्हणून मोठ्याने हसणं सोडलं. लग्नाच्या मेजवानीसाठी साठवलेले पैसे शेवटी या गाडीत गेले, आणि त्यातला प्रत्येक पैसा तिला गोड लागला.

"या गाडीची उंची मी कुणासाठी बदलणार नाही," तिने सांगितलं. "आयुष्यात एक तरी गोष्ट माझ्या मापाची असू दे."

म्हाताऱ्याने चोपन्न किलो घेवड्याला पट्टा लावला आणि गाडी बरोबर दहा सेंटिमीटरवर आणली.

अर्ज

*विषय: एक मिलिमीटर.*

*महोदय, मी खालील सही करणार जोसियानी, चौकातल्या फार्मसीत काम करते. आपले कर्मचारी डोळ्यांनी अंदाज घेऊन डांबर ओततात आणि नोटीस मात्र मोजपट्टीने देतात, याचा मी निषेध करते. माझी गाडी दहा सेंटिमीटरचीच आहे. आपली मोजपट्टी ताणली गेली असावी. चर्चपासून दूध संघापर्यंत अकरा गतिरोधक आहेत. आधी ते अकरा मोजा. मग माझ्याकडे या.*

*ताजा कलम: सेन्योरा म्हटल्याबद्दल वेगळी तक्रार करता येते का, ते कळवावे.*

उत्तर दोन दिवसांत आलं. अर्जाचा निकाल पंचेचाळीस दिवसांनी लागेल. तेव्हाही उंची कमी भरली, तर गाडीची कागदपत्रं जप्त होतील. खाली पेनाने लिहिलं होतं: *अकरा मोजायला तयार आहे. पण विभागाची जीप बंद आहे. आणि ताजा कलमाबद्दल क्षमस्व.*

गतिरोधक दुसरा, तिसरा आणि अर्धा चौथा.

"बसा," ती म्हणाली. जेवणाच्या सुट्टीत ती गाडी घेऊन थेट नगरपालिकेच्या दारात आली होती. "पळवाट नको. जीप बंद म्हणे!"

तो बसला. इथे स्टिअरिंग डावीकडे, त्यामुळे त्याच्या वजनाने तातूने उजवीकडे मान टाकली. पहिल्याच डाव्या वळणावर मागचं चाक मडगार्डला घासलं... खर्रर्र.

"तो मी का?" त्याने घाबरून विचारलं.

"नाही, चर्चमधले पाद्रीबाबा! किती किलो आहात तुम्ही?"

"त्र्याण्णव." त्याने लगेच सांगून टाकलं, पत्ता सांगावा तसं.

जुने स्पीडब्रेकर ती रोज गाडी तिरकी घालून, श्वास रोखून ओलांडायची. पण एकटी असताना. दोघं बसल्यावर पोट टेकणारच होतं. ती काही बोलायच्या आत ओतोनिएलने दार उघडलं, उतरला, मोजपट्टी लावली, "अकरा सेंटिमीटर!" म्हणून ओरडला, आणि गाडी तिरकी होऊन पलीकडे जाईपर्यंत तिच्या शेजारून चालत राहिला. मग पुन्हा आत.

"तुम्ही का उतरलात?"

"मी बसलो तर ती घासेल ना."

"पण पाऊस आहे."

"मग काय झालं? मला सांगा, फार्मसीत तुम्ही नेमकं—"

तिसरा आला. तो उतरला. चालला. बसला.

"—नेमकं काय करता?"

"लोकांना औषधं देते आणि दाराशी जो वजनकाटा आहे ना, त्यावर चढणाऱ्यांची रडगाणी ऐकते. अख्खं गाव फुकट वजन करून जातं आणि वर मलाच म्हणतं, काटा बिघडलाय. म्हणजे जगात कुणीच स्वतः—"

चौथा. तो उतरला. या वेळी गाडी पुढे गेली तरी तो मागेच उभा राहिला. खिडकीतून ती ओरडली, "काय झालं?"

"तुम्ही बोलताना चौथा मोजायला विसरलो!"

ती हसली. मोठ्याने. मग आपण मोठ्याने हसलो हे तिच्या लक्षात आलं आणि तिला आपलाच राग आला.

पाचवा, सातवा, दुसरा, पुन्हा सातवा.

अकरापैकी आठ चुकीचे निघाले. ते खरवडून खाली आणायचं काम सुरू झालं आणि प्रत्येक पुन्हा मोजायचा होता. जीप काही दुरुस्त होईना. (ती केव्हाच दुरुस्त झाली होती. किल्ली ओतोनिएलच्या टेबलाच्या खणात होती. हे जोसियानीला नंतर कळलं आणि त्याबद्दलही त्याला ऐकून घ्यावं लागलं.)

त्यांचं कुठलंच बोलणं सलग झालं नाही. अर्धं आत, अर्धं बाहेर. वाक्याचं डोकं एका स्पीडब्रेकरला आणि शेपूट पुढच्या.

"तुला भीती नाही वाटत—" 'तुम्ही' म्हणणं केव्हा गळालं, कोण जाणे, बहुतेक पाचव्याला...

"कशाची?"

त्याने दार लावलं, ओले केस मागे सारले. "इतक्या खालून जग बघायची. सगळे आपल्यापेक्षा उंच दिसत असतील."

"उलट! इथून सगळ्यांचे बूट दिसतात. माणूस चेहरा सावरतो, बूट नाही. तुझ्या डाव्या बुटाची नाडी गेले चार दिवस तुटलेली आहे."

"चार दिवस बघतेस?"

"समोर असते म्हणून दिसते!"

तो उतरला. सातवा. चालता चालता त्याने टपावर बोटांनी हलकेच टकटक केलं. आत बसलेल्या तिला ते पाठीवर ऐकू आलं.

सकाळी तो फार्मसीतही येऊ लागला. "सुप्रभात" म्हणायचा, काट्यावर चढायचा, आकडा बघायचा, काहीतरी पुटपुटायचा, तिच्याकडे बघून हसायचा आणि जायचा. रोज रोज औषध काय घेणार, म्हणून काट्याचं निमित्त करतोय... असं तिला वाटलं. तिने स्वतः मात्र त्या काट्यावर दोन वर्षांत पाय ठेवला नव्हता.

गतिरोधक आठवा. किंवा, त्याच्या थोडं अलीकडे.

सहावा आठवडा. ऊन होतं. डब्यात उकडलेले पिन्यांव होते, पाइनच्या झाडाच्या त्या गरम, पिठूळ बिया. तिने डबा त्याच्या मांडीवर ठेवला.

"नको."

"काल पण नको. परवा पण नको. माझ्या हातचं खायला काय झालंय तुला?"

"काही नाही गं. भूक नाही."

डावं वळण आलं. तिने सवयीने दात आवळले. गाडी वळली... आणि काहीच झालं नाही. चाक घासलं नाही. नुसता वारा.

"ऐकलंस?" ओतोनिएलचा चेहरा उजळला. "ऐकलंस? नाही घासलं! सात किलो! आज सकाळी शहाऐंशी भरलो!"

जोसियानीने ब्रेक दाबला. मागून येणारा दुधाचा टेम्पो शिव्या देत पुढे गेला.

ती त्याच्याकडे बघत राहिली. गाल बसले होते. पट्ट्याला खिळ्याने नवीन भोक पाडलेलं. हे सगळं रोज तिच्या शेजारी बसत होतं आणि ती बूट बघत होती.

"तू उपाशी राहतोस," ती हळू म्हणाली. "माझ्या गाडीसाठी."

"उपाशी असं नाही... रात्रीचं जेवण सोडलंय. तूच मागे सहाव्याला सांगितलंस ना, या गाडीची उंची कुणासाठी बदलणार नाही. मी म्हटलं, मग आपणच..."

"उतर."

"अजून आठवा यायचाय."

"उतर!" आता तिचा आवाज चढला होता. "सात किलो! सात किलो म्हणजे काय ते मला विचार! लग्नाचा पोशाख चोपन्न किलोच्या बाईसाठी शिवला होता. जिल्मारच्या आईने माप दिलं, माझं नाही, तिला हव्या असलेल्या सुनेचं! सात किलो उतरवायला मी वर्षभर उकडलेल्या पाल्यावर काढलं. चक्कर येऊन काउंटरमागे पडले. आणि तो म्हणाला, बघ, थोडं मनावर घेतलं तर जमतं!"

"जोसी..."

"मी चोपन्नची नाही! एकसष्टची आहे! सेउ नेरेउंना खोटं सांगितलं मी. चोपन्न किलो घेवडा बसवला त्यांनी, आणि बसते मी! तो तुझा एक मिलिमीटर! मिळाला? झालं समाधान? लाव नोटीस!"

ओतोनिएलने दाराच्या कडीवर हात ठेवला. मग म्हणाला, "मी तुला गाडी वर कर म्हणालो नाही."

"म्हणूनच तर राग येतोय!"

तो उतरला. ती निघून गेली. आठवा तिने एकटीने ओलांडला, तिरकी, श्वास रोखून. आरशात तो डबा हातात घेऊन उभा दिसला. डबा त्याच्याकडेच राहिला होता.

नगरपालिकेचं पत्र. चौतीस ओळी, त्यातल्या कामाच्या सहा.

त्यानंतर पाच दिवस तो काट्यावर आला नाही. सहाव्या दिवशी पत्र आलं. टंकलेखित, शिक्क्यासह.

*पिवळ्या द्विआसनी वाहनाच्या अंतिम मोजणीचे काम दुसऱ्या अभियंत्याकडे सोपवावे, अशी विनंती रस्ते विभागाचे अभियंता ओतोनिएल यांनी केली असून ती मान्य करण्यात येत आहे. विनंतीचे कारण: सदर वाहनाच्या मालकिणीबाबत अर्जदार आता निःपक्षपाती राहू शकत नाहीत. ही अवस्था पहिल्या गतिरोधकापासूनची असून ती सुधारण्याची शक्यता नाही, असे त्यांनी लेखी नमूद केले आहे.*

जोसियानीने पत्र वाचलं. पुन्हा वाचलं. अॅप्रन न काढता, खोकल्याचं औषध मागणाऱ्या आजीबाईंना तसंच सोडून ती चौक ओलांडून नगरपालिकेत शिरली.

"लेखी?" ती दारातूनच ओरडली. कारकून, शिपाई, कराचा भरणा करायला आलेले तिघे, सगळे वळले. "मला सांगायच्या आधी नगरपालिकेला सांगितलंस? शिक्का मारून?"

ओतोनिएल उठून उभा राहिला. टेबलावर तिचा डबा होता. धुतलेला.

"तू उतर म्हणालीस," तो म्हणाला. "मग सांगायचं कुठे?"

"आणि त्यावर आवक क्रमांक आहे! अख्ख्या कचेरीने वाचलंय!"

"तीन प्रती काढल्या," कारकून कौतुकाने म्हणाला.

"तुम्ही गप्प बसा!" मग ओतोनिएलकडे वळून, "डब्यातले पिन्यांव खाल्लेस?"

"सगळे. त्याच दिवशी. रस्त्यातच."

"...बरे होते?"

"मीठ कमी होतं."

"मीठ कमी होतं म्हणे!" तिने डब्याचं झाकण दाणकन लावलं. "चल. काट्यावर चल."

फार्मसीच्या दाराशी तो आधी चढला. सत्त्याऐंशी. मग त्याने बाजूला होऊन जागा दिली. तिने चपला काढल्या नाहीत, अॅप्रन काढला नाही, खिशातली कात्रीसुद्धा काढली नाही. पाय ठेवला. काटा थरथरला, थांबला.

"बासष्ट," ती म्हणाली. "कात्री धरून. बघून घे. पुन्हा दाखवणार नाही."

"बघितलं," तो म्हणाला. पण तो काट्याकडे बघतच नव्हता.

सेउ नेरेउ

"दोन पोती," जोसियानी म्हणाली.

म्हाताऱ्याने कानामागे हात नेला. त्याला नीट ऐकू आलं होतं. त्याला ते पुन्हा ऐकायचं होतं.

"चालकाच्या सीटवर बासष्ट किलो. खरे. आणि शेजारी... त्र्याण्णव."

"सत्त्याऐंशी," ओतोनिएल म्हणाला.

"त्र्याण्णव! तू पूर्ववत होणार आहेस, आजपासून." तिने म्हाताऱ्याला बजावलं, "आणि हे मी त्याच्यासाठी करत नाहीये. माझ्या गाडीत काय बसवायचं ते मी ठरवते. हे माझं माप आहे."

"मी कुठे काय म्हणालो?" म्हातारा म्हणाला आणि घेवडा आणायला गेला. परतताना तो शीळ घालत होता.

दोन्ही पोत्यांना पट्टे लागले. चकत्या वर चढल्या, उजवीकडच्या दोन जरा जास्त. दोन्ही सीटवरची ती जाडजूड पोती खांद्याला खांदा लावून काचेतून पुढे बघत होती. तिने तिकडे फार वेळ पाहिलं नाही.

दुसऱ्या अभियंत्याने गाडी मोजली तेव्हा ती दोघंही आत बसली होती. दहा पूर्णांक एक. तिची एकच तक्रार होती, की त्याने रस्त्यावर आडवं न होता नुसतं वाकून मोजलं.

गतिरोधक पहिला. पुन्हा.

चर्चसमोर. खरवडलेला, आता नऊवर आलेला. पावाच्या दुकानातली माणसं बाहेर आली, कॉफीसकट. भुरभुर पुन्हा सुरू झाली होती.

तिने वेग कमी केला. ओतोनिएलचा हात सवयीने दाराकडे गेला, दार उघडलंही, एक पाय बाहेर. बुटाला नवी नाडी होती.

"कुठे निघालास?"

"अगं, हा..."

"दार लाव. थंडी आत येतेय."

त्याने पाय आत घेतला. दार लावलं. तिने गाडी तिरकी केली नाही, सरळ घातली. तातू चढली... माथ्यावर क्षणभर तोलली... दोघांनीही श्वास रोखला होता...

कबुतरं जागची हलली नाहीत.

"वाक्य पूर्ण कर," पलीकडे उतरल्यावर ती म्हणाली.

"कुठलं?"

"कुठलं म्हणे! सहा आठवडे प्रत्येक स्पीडब्रेकरला अर्ध्यावर सोडून उतरत होतास ते! आता पुढचे दहा आहेत आणि तुला कुठेही उतरायचं नाहीये. बोल."